रांगेतल्या चपला

उसाला तुरे आले की माझ्या मनात पाल चुकचुकायला लागते. दुसऱ्या कुणाला ते पांढरे तुरे वाऱ्यावर हलताना बघून बरं वाटत असेल. मला मात्र वाटतं, आता कोण येणार, कुणाच्या दारात किती वेळ उभं राहणार, आणि ते बघून पलीकडच्या दारातलं कोण काय समजणार. ह्या वर्षी तसंच झालं. तोडणी सुरू झाली, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गाणी लावून कारखान्याकडं निघाले, आणि त्यांच्या मागून झेडपीच्या प्रचाराची रिक्षा आली. ट्रॅक्टरवर लग्नातलं गाणं आणि रिक्षेवर उमेदवाराचं गाणं, दोन्ही एकदमच कानात. कोण कुणाच्या लग्नाला आलंय तेच कळेना.

आष्ट्याला दिलेली माझी लेक फोनवर म्हणाली, "आई, आमच्याकडं बी हेच चाललंय. खिडकी लावून घे आणि गप बस." खिडकी लावून काय होतंय? निवडणूक खिडकीतून येत नाही. ती आधीच घरात असते, चुलीपाशी, जेवायच्या ताटापाशी. एरवी शेजारीण साखर मागायला आली तर आपण वाटी भरून देतो आणि विसरतो. ह्या दिवसांत वाटी देताना मनात येतं, हिच्या घरची साखर आजच कशी संपली? संक्रांतीचं हळदीकुंकू असलं तरी वाणाचा डबा उलटा करून बघायचा, खाली कुणाचं नाव-चिन्ह चिकटवलंय का. बाया एकमेकींना तिळगूळ देतात, गोड बोला म्हणतात, आणि डोळ्यांनी मोजत असतात की ही अजून कुणाकुणाच्या घरी जाऊन आली.

आणि मग मला आक्काचं बोट आठवतं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. घरातली पोरंबाळं, सुना, गडीमाणसं, सगळे तिला आक्काच म्हणतात. तिचा मुलगा भगवानसुद्धा आई म्हणत नाही. मी ह्या घरात आले तेव्हापासून तिच्या हाताखाली राबले, तिच्याशी भांडले आणि तिच्याच अंगणात भाजी निवडत म्हातारी झाले. तिला मिश्रीचं वेड. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की अख्खी आळी खोकायची. "आवं आक्का, माणसं मारताय काय!" असं पलीकडून कुणीतरी ओरडायचं, आणि ही हसून आणखी एक चिमूट तव्यावर टाकायची. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, कुणाशी वाजल्यावर, कधीही ती कमरेची डबी काढणार, डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर काळी पूड घेणार आणि दातांवरून फिरवत बसणार. उजवा हात जेवायचा, म्हणून मिश्रीला डावा. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं तसंच. इतकी वर्षं घासून घासून त्या बोटाचं नख आणि त्याच्या कडेची कातडी काळी पडलेली. साबणानं जायची नाही, आणि जावी असं कुणाच्या मनातही कधी आलं नव्हतं.

मागं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा आमच्या वॉर्डात बाईची जागा निघाली. भगवाननं आपली बायको रेखा उभी केली. दोन दिवसांनी कळलं, समोरून मंगल उभी राहतेय. मंगल म्हणजे आक्काच्या भाच्याची, तानाजीची बायको. आक्काचं माहेर गावातलंच, वरच्या आळीला. सासर खाली ओढ्याकडं. मधे एक देऊळ आणि पिठाची गिरणी. एवढ्याशा रस्त्यानं ती आयुष्यभर माहेरी गेली आणि आली, कधी कुणी बघितलं नाही. पण त्या महिन्यात ती गिरणीकडं डबा घेऊन निघाली तरी दोन्ही आळ्या बघायला लागल्या की आता ही पुढं जाते का मागं वळते.

तानाजी एका संध्याकाळी आला. पायऱ्यांवरच बसला, आत येईना.

"आत्या, तुझ्या भावाचं घर इसरू नको म्हंजे झालं."

"चा घे," आक्का म्हणाली.

"चा घेतो. पण मी काय म्हणतो..."

"साखर कमी टाकू का? तुझ्या बाला शुगर हाय, तुला बी आसंल."

भगवान तेवढा वेळ गोठ्याच्या दारात उभा होता. म्हशीला वैरण टाकून झाली होती, तरी हातात पेंढी तशीच. तानाजी गेल्यावर ती पेंढी टाकून तो आत निघून गेला. रेखा मात्र चहाचे कप उचलताना मला हळूच म्हणाली, "काकी, भाच्याच्या कपाला बशी दिली, बघितलंत न्हवं? आमाला कवा बशी देत न्हाईत." आता ह्यावर काय बोलायचं? पण मी सुद्धा नंतर चार दिवस बश्या बघत होते, खोटं कशाला सांगू.

मी एकदा मेथी निवडताना सरळच विचारलं, "आवं आक्का, देणार कुणाला?"

तिनं काडी मोडली, पाला टोपलीत टाकला. म्हणाली, "धाकटे, ह्या घरात माझं म्हणून एक न्हाणीचं दार हाय, ते बी नीट लागत न्हाई. लगीन कुणाशी ते बानं ठरिवलं. लेकरं किती ते सासूनं ठरिवलं. जमीन कुणी कसायची ते भगवाननं ठरिवलं. ही एक गोष्ट मला कुणाला न सांगता करायची हाय. तुला बी न सांगता."

मला जरा लागलं ते. पण मग बरंही वाटलं. त्या दिवसापासून ती कुणाला देणार ह्याची मला फिकीर राहिली नाही. तिला देता यावं, एवढीच राहिली.

मतदान आमच्या मराठी शाळेत असतं. मी शाळेत कधी गेले नाही, अक्षर ओळखायला लागले ते लेकीच्या पाटीवरून. त्यामुळं शाळेचा वर्ग मी फक्त मत द्यायला बघते. भिंतीवर अननस, आगगाडी, खडूचा वास, बुटके बाक एका बाजूला सारलेले. आमच्या बाया दाराशी चपला काढून आत जातात. कुणी सांगितलेलं नाही, पण जातात. शाळा म्हणजे देवळासारखीच वाटते ना.

त्या दिवशी दुपारी मशीन बंद पडलं होतं, दुसरं यायला वेळ गेला. तोवर रानातल्या बाया जनावरांचं उरकून आल्या, पुण्या-मुंबईहून जीपगाड्या भरून गावची माणसं आली, आणि रांग शाळेच्या मैदानाला वळसा घालून चिंचेखालून फाटकापर्यंत गेली. बायांची वेगळी, बाप्यांची वेगळी. मशीन बंद का पडलं ह्याच्याच दोन गोष्टी रांगेत तयार झाल्या होत्या. वरच्या आळीच्या बाया म्हणत होत्या, आमची गर्दी बघूनच बंद पाडलं. आमच्या आळीच्या बायाही तेच म्हणत होत्या. दोन्ही गोष्टींत फरक एवढाच की बंद कुणी पाडलं. मी दोन्हीकडं मान हलवली. माझा दोन्हींवर विश्वास बसत होता.

रस्त्याकडेला ऊसतोडीची टोळी ट्रॉली भरत होती. त्यातली एक बाई मोळी टेकवून आमच्याकडं बघत उभी राहिली. "मावशी, एवढी रांग कशाची?" मी म्हटलं, "मताची." ती म्हणाली, "आमच्या गावात बी झाली आसंल. आमाला कुठलं कळतंय." आणि मोळी उचलून गेली. तिला कुणी फाटकातून परत पाठवलं नव्हतं, तरी ती रांगेबाहेरच होती. मला वाटलं, हिची चौकशी करायला कुठला उमेदवार इतक्या लांब येणार?

आक्का माझ्या पुढं. उन्हात उभी राहून पाय आखडले, तशी तिनं डबी काढली आणि रांगेतच बोट फिरवलं. मागची एक पोरगी हसली, "आज्जी, मत देताना बी मिश्री?" आक्का म्हणाली, "मग काय तुझ्यासारखी लिपस्टिक लावू व्हय?" सगळी रांग हसली. नंतर ह्या मिश्रीची जी चौकशी झाली, तिला साक्षीदार म्हणून सगळं मैदान होतं.

आमचा नंबर आला. आत टेबलांमागं बाहेरच्या तालुक्यातले साहेब बसलेले, आणि भिंतीकडच्या बाकावर उमेदवारांचे एजंट. एका टोकाला भगवान, एका टोकाला तानाजी. नाव सापडलं, कार्ड बघितलं. शाई लावणाऱ्या साहेबानं आक्काचा डावा हात धरला आणि थांबला.

"आजी, तुमचं मतदान झालंय."

"कुठलं झालंय? आत्ताच आले की."

"बोटावर शाई आहे."

"शाई न्हाई ती. मिश्री हाय."

साहेबानं बोट उलटंसुलटं केलं. नख काळं, कडा काळ्या, ताजी पूड वर चिकटलेली. तो तरुण होता, शहरातला असावा. मिश्री त्याच्या घरात कधी भाजली नसेल. त्याला वाटलं, वरून काहीतरी फासून खालची शाई झाकलीय. त्यानं मोठ्या साहेबांना बोलावलं. मोठे साहेब एजंटांकडं वळले.

"यांना ओळखता?"

तानाजी म्हणाला, "ओळखतो की. आत्या हाय माझी."

"मग हे बोटाचं काय?"

तानाजीनं बोटाकडं बघितलं. लहानपणी ह्याच बोटानं तिनं त्याच्या हिरड्यांना मिश्री लावली होती, दाढ दुखत होती तेव्हा. तो म्हणाला, "आता साहेब, तुमीच बघा. नियम तुमचा."

मोठे साहेब भगवानकडं बघत राहिले. भगवान खाली मान घालून यादीवर पेन फिरवत होता, नुसतंच, कुठंच टेकत नव्हता. "साहेब म्हणतील तसं," तो म्हणाला.

मी मागून ओरडले, "आवं साहेब, मिश्री हाय ती! ईस कोसावरनं वास येतोय! भगवान, सांग की रं, आई हाय तुझी!"

"काकी, आत मोठ्यानं बोलायचं नसतं," भगवान म्हणाला. मान वर न करता.

तेव्हा मला उलगडा झाला. दोघांनाही ते बोट पाठ होतं. पण तानाजीला खात्री होती की आत्या सुनेला देणार, आणि भगवानला खात्री होती की आई माहेराला देणार. दोघांनीही तिला विचारलं नव्हतं. आणि म्हणून दोघांनाही तिचं मत पडलं नाही तर बरंच होतं. एरवी ह्या दोघांचं बांधावरून वाजायचं, पाण्यावरून वाजायचं; सगळ्या जन्मात एकमत झालं ते तेवढ्या एका गप्प बसण्यावर.

आक्कानं दोघांकडं एकेकदा बघितलं. 

मोठे साहेब तसे वाईट नव्हते. म्हणाले, "आजी, बोट स्वच्छ धुऊन या, मग बघू. शाई असेल तर निघणार नाही, तुमचं खरं असेल तर निघेल." मी माझं मत देऊन आले. कुठलं बटण दाबलं तेही नीट आठवत नाही, लक्ष सगळं बाहेर. येते तर आक्का रांगेच्या शेपटाला उभी. शाळेच्या नळाला पाणी नव्हतं, टाकी फाटकाबाहेर रस्त्यापलीकडं. मग आक्कानं काय केलं, तर पायातल्या चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी व्यवस्थित जोडीनं ठेवल्या. मागं नव्यानं येऊन उभ्या राहिलेल्या बाईला म्हणाली, "माझा लंबर हाय हितं. आत्ता आले."

तुम्ही हसाल. पण आमच्या सगळ्या रांगा अशाच असतात. रेशनला पिशवी ठेवायची, टँकरला घागर ठेवायची, दवाखान्यात चपला. वस्तू ठेवली की माणूस तिथं आहे. कुणाची घागर कुणी मागं सारली तर त्यावरून डोकी फुटतील, पण सारणार नाही कुणी. दुसरं आमच्या डोक्यातच आलं नाही.

आम्ही टाकीवर गेलो. मी शाळेतली चिंच उचलून आणली होती, ती चोळली. मग राख. मग विटेचा तुकडा. आक्का दगडावर बोट धरून बसली होती आणि मी घासत होते. पोराच्या अंगावरचा मळ काढावा तसं. कातडी सोलली, लाल झाली.

"दुखतंय का वं?"

"घास तू."

"राहू द्या आक्का. एका मतानं काय हुतंय?"

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुन्हा वीट उचलली.

नख उजळलं. अगदी पांढरं नाही, पण माणसाच्या नखासारखं दिसायला लागलं. आम्ही लगबगीनं परत आलो तर फाटक बंद. वेळ संपली होती. आत पोलीस रांगेच्या शेवटापासून पुढच्या टोकापर्यंत चिठ्ठ्या वाटत निघाला होता. ज्याच्या हातात चिठ्ठी त्यालाच मत. आक्का फाटकाच्या गजांतून म्हणाली, "दादा, मी रांगेतच हाय. त्या बघ माझ्या चपला."

आणि खरंच, चपला रांगेत होत्या. बायांनी पायानं पुढं सरकवत सरकवत त्यांना चिंचेच्या पारापर्यंत आणलं होतं. मागच्या बाईनं इमानानं जागा राखली होती. पोलीस थांबला, चपलांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"आज्जी, चपलेला चिठ्ठी देऊ काय?"

रांग हसली. बायांची हसली, बाप्यांची हसली, वरची आळी हसली, आमची आळी हसली. हसण्यासारखंच होतं, तो पोरगा काही वाईट मनाचा नव्हता. पण आक्कानं तोवर ते बोट गजांतून आत धरलं होतं, लाल झालेलं, बघा म्हणून. ते बघायला तिथं कुणीच नव्हतं. साहेब आत होते.

"नियम हाय आज्जी. माणूस पायजे आत."

थोड्या वेळानं कुणीतरी चपला फाटकावरून आमच्याकडं दिल्या. तिनं त्या घातल्या नाहीत. हातात घेऊन घरापर्यंत अनवाणी आली.

रेखा हरली. फार नाही, थोडक्यात. आक्काचं एक मत मिळालं असतं तरी फरक पडला नसता, पण तसं कोण मोजतंय? आमच्या आळीत कुजबुज सुरू झाली की म्हातारीनं मुद्दाम बोट काळं केलं, म्हणजे सुनेला द्यायला नको. वरच्या आळीत कुजबुज, मुद्दाम काळं केलं, म्हणजे माहेराला द्यायला नको. रांगेत तिनं सगळ्यांसमोर मिश्री लावली होती ना, तेच पुरावा झालं. "बघितलंस न्हवं, आत जायच्या आधीच घासत हुती!" ज्या बाया तेव्हा हसल्या, त्याच आता डोळे बारीक करून सांगत होत्या. आणि त्या दिवशी बाकाच्या दोन टोकांना बसलेले ते दोघं, ज्यांना एका शब्दात हे थांबवता आलं असतं, तिथंही गप्पच.

मला एक सवय लागली तेव्हापासून. कुणी खूप ठामपणे म्हणालं की अमकीचं मत अमक्यालाच, की मी त्या बोलणाऱ्याकडंच निरखून बघते. ह्याला कुठून कळलं? ह्यानं विचारलं का, का स्वतःच ठरवलं? माझ्या घरात माझी गणती कशी होते, तेही मला आता खरं वाटत नाही. नातू मला म्हणतो, "आज्जी, तू काय आपलीच." आपली म्हणजे काय रे बाबा? मला विचारलंस का?

आक्कानं मात्र कुणाला जाब विचारला नाही. चहा करायची, रेखाचं पोर सांभाळायची, भाऊबीजेला माहेरी जायची. एवढंच झालं की मिश्री उजव्या हातानं लावायला लागली. सगळं घर ओरडलं, "आवं आक्का, त्याच हातानं जेवताय!" ती म्हणायची, "धुते की." डावा हात धुणीभांडी, शेणगोठा सगळं करायचा, पण डबीत म्हणून बुडायचा नाही. हळूहळू नख वाढत गेलं तसा त्याचा काळेपणा निघून गेला. तिनं ते मला कधी दाखवलं नाही आणि मीही कधी बोलले नाही. बोलले असते तर कुणीतरी ऐकलं असतं, आणि त्याचाही अर्थ लागला असता.

परवा झेडपीचं मतदान झालं. सकाळी दारात दोन गाड्या. एक भगवानची, आता तो एका पक्षाचा गावातला मोठा माणूस आहे. एक तानाजीनं पाठवलेली, तो दुसऱ्या पक्षाचा. दोघंही म्हणाले, म्हातारं माणूस, उन्हात कशाला चालायचं. आक्का म्हणाली, "धाकटे, चल." आणि आम्ही दोघी निघालो, देवळावरून, गिरणीवरून. मागून दोन गाड्या हळूहळू येत होत्या, लग्नाच्या वरातीसारख्या. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

रांग होतीच. आक्का जागची हलली नाही. कुणीतरी सावलीत बसायला खुर्ची दिली, नको म्हणाली. पाणी दिलं, नको म्हणाली. आत शाई लावायला एक तरुण पोरगी होती. तिनं आक्काचा डावा हात धरला, बोट बघितलं, आणि काही न बोलता शाईची रेघ ओढली. बस, एवढंच. एवढ्यासाठी तिनं इतकी वर्षं उजव्या हातापायी शिव्या खाल्ल्या. मग ती पुठ्ठ्याच्या आड गेली. बराच वेळ लागला. मशीन वाजलं, आणि आक्का पदर सारखा करत बाहेर आली.

फाटकाशी भगवान गाडीचं दार उघडून उभा होता. मजेतच होता, त्याची माणसं आजूबाजूला. हसत म्हणाला, "काय आक्का, कुणाला टाकलं?"

आक्का थांबली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्या दिशी माझं मत कुणाला, ते न इचारताच तुला ठावं हुतं, व्हय का न्हाई? म्हणून तर मान वर केली न्हाईस. मग आज बी वळख की."

आणि ती चालायला लागली. माणसांना काही कळलं नाही. ती एकमेकांकडं बघत राहिली. भगवानला कळलं. मी वळणावरून मागं बघितलं, तर त्यानं गाडीचं दार तसंच उघडं धरलेलं होतं.